माझ्या साडूची मुकी प्रार्थना

देवापाशी नुसतं गप्प बसून एक माणूस दुसऱ्या माणसाच्या अंगाचा किती तिळपापड करू शकतो, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं माझा साडू पाहायला हवा होता. मी संतापी आहे, कबूल. शाळेत माझ्या हातातली छडी आणि तोंडातला शब्द यांत आधी काय सुटेल, याचा पोरांना अंदाज येत नसे. पण माझ्या जन्मातला निम्मा राग एकट्या साडूनं खाल्ला, आणि तोही माझ्याशी एकदासुद्धा न भांडता. भांडला असता तर मिटलं तरी असतं. माझी बायको म्हणायची, 'तुमी त्याहिच्यावर चिडता काहून? ते तं काहीच बोलत नाई.' आता हिला काय सांगावं? बोलत नव्हता, म्हणूनच तर मी चिडत होतो.

तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणत असे आणि पाठीमागे तो. साडूला पाठीमागेसुद्धा अहोजाहो करणारा माणूस आमच्या वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे. जऊळका स्टेशनापासून कोसभर आत त्या काळी एक लहानसं मिशन होतं. चार खोल्यांची शाळा, तिचा मी हेडमास्तर. कौलारू देऊळ, तिथे एक पाळकसाहेब. बंगल्यात एक वयस्क मिससाहेब, आणि बाकी आमची मूठभर मंडळी. देवळाच्या मागे विहीर आणि मळा होता, तो साडू करायचा. वांगी, मेथी, मिरच्या, दोडके. माल घेऊन तो शेलूबाजारला जायचा, आणि तिथं त्याचा आवाज असा लागायचा की बाजाराच्या एका टोकाला यानं वांग्याचा भाव पुकारला की दुसऱ्या टोकाची बाई पिशवी उघडायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं कुणाला वाटेल की बिचारा मुका असावा. कुठला मुका आणि कुठला बिचारा. देवळाची पायरी चढला की त्याची जीभ चपलांसोबत बाहेर राहायची, एवढंच.

आमच्याकडे बुधवारी तिसऱ्या प्रहरी प्रार्थनासभा असे. गोल करून गुडघे टेकायचे आणि क्रमानं एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, असा रिवाज. आपला नंबर टाळायचा नाही. देवाजवळ जायची ज्याची त्याची पायवाट वेगळी असते, हे मला त्या गोलात बसून कळलं. पाळकीणबाई गाण्यातून जायच्या, त्यांची अर्धी प्रार्थना चालीवर असे. दवाखान्यातली म्हातारी दाई रडून जायची, 'हे बापा' म्हटलं की पदर डोळ्याला. मी आवाजानं जात असे. खोटं कशाला सांगू, माझी प्रार्थना ऐकण्यासारखी होती. सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघून मी थेट तालुका कचेरीपर्यंत यायचो, आणि मध्ये मध्ये मंडळी 'आमेन' म्हणत राहायची. माझ्या आधी नंबर साडूचा. तो गुडघे टेकत नसे. काखेत गोणपाट घेऊन यायचा, त्याच्या चार घड्या करून अंथरायचा, वर मांडी घालून ताठ बसायचा, डोळे मिटायचा आणि नंबर आला की गप्प राहायचा. टाळायचा नाही बरं का. आपला नंबर पुरता घ्यायचा. वीस वीस मिनिटं. आम्ही सगळे खरखरीत फरशीवर गुडघ्यांवर, कुणाची गाय दोहायची खोळंबलेली, कुणाची डाळ चुलीवर, आणि हा पाण्यात सोडलेल्या म्हशीसारखा निवांत. शेवटी कधीतरी हळूच 'आमेन' म्हणायचा. एकदा बराच वेळ झाला, मला वाटलं संपलं असेल, म्हणून मी खाकरून 'हे सर्वसमर्था' अशी सुरुवात केली. त्यानं डोळे न उघडता माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाला, 'थांबा मास्तर. माहं अजून चालू आहे.' समोरच्या बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. त्या दिवशी माझी प्रार्थना उत्पत्तीपासून निघाली नाही, दुष्टांच्या नायनाटापासूनच निघाली.

शास्त्र वाचायची त्याची तऱ्हा तर त्याहून डोकं फिरवणारी. आम्ही एकेक ओळ वाचत पुढं जायचो. वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट चालली होती, तिच्यात प्रभू उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. ती ओळ नेमकी साडूच्या वाट्याला आली. वाचून झाल्यावर तो तिथंच थांबला, आणि थांबला म्हणजे तीन वर्षं थांबला. आम्ही त्या गोष्टीतून केव्हाच बाहेर पडलो, पार शास्त्राच्या शेवटाकडच्या पत्रांपर्यंत पोचलो, पण हा उशीवरच. त्याला वादळाशी कर्तव्य नव्हतं, वादळ शांत झालं त्याचंही अप्रूप नव्हतं. होडीत मासे धरणारी माणसं, तिथं उशी आली कुठून? कुणीतरी ती मुद्दाम घरून आणली असणार आणि त्या थकलेल्या डोक्याखाली सारली असणार, आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, या विचारानं तो तासन् तास बसायचा. शेवटी त्यानं बायकोकडून, म्हणजे आमच्या थोरलीकडून, एक उशी शिवून घेतली आणि घरातल्या बाजेवर ठेवून दिली. तिच्यावर डोकं टेकायची कुणाला मुभा नव्हती. मला हे काय ठाऊक. एका उन्हाळ्यात त्याच्याकडे जेवून मी त्याच बाजेवर आडवा झालो आणि चांगला घोरलो. जागा होऊन पाहतो तर हा उशाशी बसून मला विंझणा घालतोय, आणि तोंडावर असा आनंद की मला घाम फुटला. मी धडपडून उठायला लागलो तर म्हणाला, 'पडा मास्तर, पडा. तो बी थकला का असाच घोरत असंन.' असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? तरी मी रागावलोच.

मोटेवर असताना इतर माळी गाणी म्हणत. हा बैल धावेवरून खाली जाताना 'येशू' म्हणायचा आणि वर येताना 'दया कर'. दिवसभर तेच. दुपारी बैल सोडायची वेळ झाली की 'आमेन'. बैल ते बरोबर शिकले. पुढं एका बुधवारी मळ्यावर सालदाराला ठेवून साडू सभेला आला, आणि खिडकीतून माझ्या प्रार्थनेची आमेनं बाहेर जाऊ लागली. प्रत्येक आमेनला बैल जागीच थांबत. सालदारानं शेपट्या पिरगाळल्या, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. संध्याकाळी मेथीचे वाफे कोरडेठाक. साडूनं मला एवढंच म्हटलं की मास्तर, तुमची प्रार्थना जनावरापर्यंत पोचते हो. हे कौतुक होतं की टोमणा, मला आजवर कळलेलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग संध्याकाळच्या वेळी तो विहिरीच्या काठावर बसायला लागला, आणि शेजारच्या मळ्यांतले दोघेचौघे माळी, आमच्या मंडळीतले नव्हेत, येऊन त्याच्याजवळ बसायला लागले. तो त्यांना काही शिकवत नव्हता. एकानं विचारलं की कोणता मंत्र म्हणता, तर याचं उत्तर असं, 'घरी पावना आला अन् आपुनच बोलत सुटलो, तं त्याले पानी कवा इचाराव?' ते माळी मान डोलावून गप्प बसले. पण पाळकसाहेब धास्तावले. मांडी घालून बसणं, डोळे मिटणं, ताठ पाठ, तोंडातून प्रभूचं नाव नाही. त्यांनी ठरवून टाकलं की हे आपलं नव्हे, हे गोसाव्या-बैराग्यांचं ध्यान आहे, आणि असा माणूस मंडळीत राहिला तर मंडळी नासेल. मंडळीच्या पटावरून त्याचं नाव काढायचं की ठेवायचं हे पंचांनी ठरवावं, असं ठरलं. आम्ही पंच पाचजण होतो आणि पंचायतीचं बुक मी लिहीत असे. नाव काढणं म्हणजे काय ते समजून घ्या. प्रभुभोजनाची भाकर बंद. मेल्यावर मिशनच्या कबरस्थानात जागा नाही. परत जावं म्हटलं तर त्याच्या जातीनं त्याला बाप्तिस्म्याच्याच दिवशी सोडलेलं. थोरली माझ्या दारात येऊन बसली. रडली नाही, पण उठेचना. म्हणाली, 'मास्तर, तुमी बोलनारे आहा. त्याहिच्यासाठी बोला.'

आणि मी बोलणार होतो. कारण माझा राग त्या वेळी पाळकसाहेबांवर होता, आणि चांगला खणखणीत होता. झालं असं की त्याच आठवड्यात शाळेच्या हजेरीपटावर सही घ्यायला मी सकाळी लवकर बंगल्यावर गेलो. खानसाम्यानं व्हरांड्यातच अडवलं. म्हणाला, मिससाहेब देवाबरोबर बसल्या आहेत, अर्धा तास थांबावं लागेल. खिडकीतून मला दिसलं. बाई वेताच्या खुर्चीत ताठ बसलेल्या, हात मांडीवर, डोळे मिटलेले, टेबलावर घड्याळ. तोंडातून अक्षर नाही. मी त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या पेटलो. पंचायत बसली तेव्हा साडू आपलं गोणपाट अंथरून बसला होता. मी उठलो आणि सरळ विचारलं की पाळकसाहेब, वेताच्या खुर्चीवर गप्प बसलं तर ते ख्रिस्ती, आणि गोणपाटावर गप्प बसलं तर अधर्म, हे कुठल्या शास्त्रात आहे ते दाखवा. खुर्चीला बाप्तिस्मा दिलाय का? असा बोललो, असा बोललो की दाई डोळे पुसायला लागली. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. थोडा वेळ विचार करून म्हणाले, ठीक आहे, कसंही बसू दे. फक्त आमच्यासमोर एक वाक्य मोठ्यानं प्रार्थना करावी, प्रभूचं नाव घेऊन. एकच वाक्य. तेवढं केलं की विषय मिटला.

म्हणजे मी खटला जिंकला होता. मी साडूकडे वळून म्हटलं, 'भाऊ, बोला.' तो बोलेना. मला वाटलं शब्द सुचत नसतील. मी हळूच म्हटलं की प्रभू, तुझे आभार, एवढं म्हटलं तरी चालेल. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे नाही, पाळकसाहेबांकडे पाहून बोलला, आणि मी त्याला देवळात एवढं लांब बोलताना तेव्हाच ऐकलं. 'साहेब, हे मास्तर इथं येयाच्या आंदी म्या बारा वर्सं मोठ्यानं प्रार्थना केली. याहिच्यापेक्षा मोठ्यानं. मिससाहेब मांगं बसे. प्रार्थना करता करता म्या एक डोया उघडून पाहो, का बाईनं मान डोलावली का नाई. त्या हिवाळ्यात मले मिशनातून घोंगडं भेटलं. ते पांघरून पडलो अन् ध्यानात आलं, का बारा वर्सात म्या देवासंग एक शब्द बी बोललो नाई. जे बोललो ते बाईसंग. आज इथं तोंड उघडलं तं ते तुमच्यासाठी उघडंन. मले मंडळीत राहाचं आहे साहेब, पन त्यापायी त्याच्यासंग लबाडी नाई जमत.'

एवढं बोलून त्यानं डोळे मिटून घेतले.  मला कुणीतरी भर वर्गात कानफटात मारल्यासारखं झालं. बारा वर्षं, मिससाहेबांची मान, घोंगडं. तो स्वतःबद्दल बोलत होता, हे मला आज कळतं. त्या घटकेला मला फक्त माझी हेडमास्तरकी दिसली, माझं सृष्टीपासून कचेरीपर्यंतचं भाषण दिसलं, आणि प्रत्येक बुधवारी मागे बसलेल्या मिससाहेबांकडे लागलेला माझा स्वतःचा कान दिसला. मी तुझ्यासाठी तोंड वाजवून एका वाक्यावर आणून सोडलं, आणि तू ते एक वाक्य बोलत नाहीस, वर मलाच उघडा पाडतोस? पाळकसाहेब थकल्या आवाजात म्हणाले, नाव काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. दोन हात लगेच वर गेले. दाईचा आणि आणखी एकाचा हात मांडीवरच राहिला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आणि माझा हात वर गेला.

मी विचार करून वर केला नाही. रागानं वर गेला. पण हाताला कुणी विचारत नाही की तू कशानं वर गेलास. तीन विरुद्ध दोन. साडूचे डोळे शेवटपर्यंत मिटलेले होते. पंचायतीतलं पंचायतीबाहेर जायचं नाही हा आमचा नियम, त्यामुळे कुणाचा हात कुठं होता हे ना थोरलीला कळलं ना माझ्या बायकोला. मी बुकात वळणदार अक्षरात 'बहुमताने' असं लिहिलं. घरी आलो तर थोरली पुन्हा दारात बसलेली. मला पाहून उठली आणि म्हणाली की तुमी त्याहिच्यासाठी बोलले, तेवढं दाईनं सांगतलं, देव तुमचं भलं करो. मी तिच्यावरही ओरडलो. कशावरून ते आता आठवत नाही.

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या रागाला तोड नव्हती. पाळकसाहेबांवर, मिससाहेबांवर, शाळेतल्या पोरांवर, कुणावरही. साडू मात्र येतच राहिला. प्रभुभोजनाच्या दिवशी उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात गोणपाट टाकून बसायचा. भाकरीची ताटली फिरवायचं काम पंचांचं, म्हणजे माझं. रांगेनं फिरवत मी दारापाशी यायचो, तो हातभर अंतरावर, आणि मी ताटली घेऊन परत वळायचो. तो माझ्याकडे पाहून मान हलवायचा, जसं काही म्हणतोय की मास्तर, समजतं मला, तुमचा नाइलाज आहे. शिवी दिली असती, थुंकला असता, तर मला त्या रात्री झोप लागली असती. वर हंगामाची पहिली वांगी आमच्या घरी. मी ती वांगी खायचो नाही. बायको म्हणायची तुमाले झालंय तरी काय.

शेवटी सहन होईना. पोळा होऊन गेला होता, उघडीप होती, भर दुपारी मी मळ्यात गेलो. वाटेनं मनात वाक्यं जुळवत गेलो, सवयच ती. ठरवलं होतं की सांगून टाकायचं, भाऊ, तो तिसरा हात माझा होता, आता काय करायचं ते करा. तो कोबीच्या वाफ्यांना पाणी देत होता, खोरं हातात. मला पाहून बांधावर बसला, मीही बसलो.  एकदम कबुली देणं जमेना, म्हणून मी आडून सुरुवात केली. म्हटलं, 'भाऊ, त्या दिवशी हात वर झाले तवा तुमी डोये कायले मिटले व्हते? प्रार्थना करत व्हते का?'

'नाई जी,' तो म्हणाला. 'कोनाचे हात वर जातात ते मले पाहाचंच नव्हतं. पाहलं असतं तं तो मानूस माह्या मनात येऊन बसला असता. मंग मी देवापाशी बसलो का तो मधात. तिथं दोघापुरतीच जागा आहे, मास्तर.' त्यानं खोऱ्याला लागलेला चिखल काडीनं काढला. 'बुक तुमीच लेहता. तुमाले सारं माहीत आहे. मले कधी सांगू नोका.'

माझ्या घशापर्यंत आलेलं वाक्य तिथंच राहिलं. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. मी सांगितलं असतं तर माझ्या छातीवरचा धोंडा उतरला असता, आणि तो त्याच्या नि देवाच्या मध्ये जाऊन पडला असता. त्याला ठाऊक होतं का? ठाऊक असूनच बोलला का? मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, पण त्यानं उठून दुसऱ्या वाफ्याला पाणी वळवलंसुद्धा.

पुढं पाळकसाहेबांची बदली झाली. नव्या पाळकांनी पहिल्याच प्रभुभोजनाला माझ्या हातातली ताटली घेतली, उंबरा ओलांडला आणि वाकून साडूपुढं धरली. मग मला म्हणाले, याचं नाव लिहा. मी लिहिलं. त्या वेळी कुणाला हात वर करायला सांगितलं नाही. साडू मंडळीतच वारला, मिशनच्या कबरस्थानातच गेला. गेल्या साली थोरलीही गेली. मरेपर्यंत ती, माझ्या त्या बोलण्यावरून अंदाज बांधून, सगळ्यांना सांगायची की त्या दिवशी माझ्या घरधन्यासाठी दोनच हात खाली राहिले, एक दाईचा आणि एक मास्तरचा.

आता कुणाच्या मध्ये कुणी बसायचं उरलेलं नाही, म्हणून हे सांगतो आहे. मी त्याला सांगितलं नाही ते त्याच्यावरच्या मायेपोटी की माझ्या भित्रेपणापोटी, हे मी देवाला पुष्कळदा विचारलं. मोठ्यानंच विचारलं, रागानं विचारलं, माझी पायवाट तीच. विचारून झालं की हल्ली मी लगेच आमेन म्हणत नाही.